काजळीच्या हनुवटीवरचं गोंदण

मखमलाबाद नाक्याजवळ, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर उज्वलाताई तिडके यांचा चित्रकलेचा क्लास आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी दहा-बारा मुलं शनिवारी दुपारी तिथं सतरंजीवर मांडी घालून बसतात. त्या शनिवारी ताईंनी विषय दिला होता, फुलबाजार. मुलं कामाला लागली आणि ताई एकेकाच्या खांद्यावरून डोकावत फिरू लागल्या. कुणाची टोपली तिरकी, कुणाचा झेंडू म्हणजे नुसते नारिंगी गोळे. सातवीतल्या स्नेहलपाशी आल्या आणि त्यांचा पाय पुढं पडेना.

तिच्या चित्रात अगदी पुढं एक म्हातारी बसली होती. गालफडं आत गेलेली, नाक पसरट, डोळे खालून वर बघणारे. हनुवटीवर तीन ठिपके, एकाखाली एक.

“ही कुठं पाहिलीस तू?”

“टीचर, तुम्हीच काढली होती की फळ्यावर. मागच्या शनिवारी, तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हा.” स्नेहलनं खोडरबर झटकलं. “मग बोलता बोलताच पुसूनही टाकलीत. मला आवडली होती, म्हणून लक्षात राहिली.”

ताईंना फोन आठवत होता. फळ्यावर काही काढल्याचं कणभरही आठवत नव्हतं. गेल्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही म्हातारी काढली नव्हती. मुलांना शिकवताना म्हातारीची वेळ आलीच, तर त्या खडू मुलांच्या हातात देत आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहत. आणि आता त्यांच्या नकळत त्यांच्या हातानं तीच काढली होती. तोही फोन कुणाचा, तर शेखरचा. शेखर म्हणजे ‘पाखरू चित्रकथा’ काढणाऱ्या जुन्या मालकांचा मुलगा. तो म्हणाला होता, “ताई, काजळीची पुस्तकं नव्यानं छापतोय. लोक अजून विचारतात हो!”

काजळी ही त्या चित्रकथांमधली चेटकीण. एके काळी नाशकातल्या बसस्टँडवर, शाळांच्या दारात, जत्रेत तिची पुस्तकं टांगलेली असत. काजळी फुलं विकायला गावात येते, तिच्या फुलाचा वास घेणारं पोर झोपतं, आणि झोपलेलं पोर ती टोपलीत घालून नेते. तिची सगळी चित्रं उज्वलाताईंनी काढली होती. तो चेहरा मात्र त्यांनी मनानं रचलेला नव्हता. तो एका जित्याजागत्या बाईचा होता.

तिचं नाव कुसाबाई. पेठकडच्या डोंगरातून ती आणि तिचा नवरा सोमा मखमलाबादला मजुरीला आले आणि उज्वलाच्या वडिलांच्या झेंडू-शेवंतीच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला झोपडी घालून राहिले. सोमा तापानं गेला तेव्हा लंका नावाची मुलगी पदरात होती. कुसाबाई डोंगरात परत गेली नाही. पहाटे फुलं खुडायची, दुपारी माळा करायच्या, आणि हाताशी उज्वला असेल तर गोष्टी सांगायच्या. उज्वलानं आयुष्यात पहिला माणसाचा चेहरा काढला तो, लंकाच्या जन्माच्याही आधी, लहानपणी, कुसामावशीचा, खताच्या रिकाम्या गोणीवर, कोळशानं. मावशी न हलता बसायची. “काढ गं उजू. पर नाक जरा कमी कर,” म्हणायची आणि स्वतःच हसायची.

पुढं उज्वला चित्रकला शिकली. रंगानं ती सावळी नव्हे, चांगली काळी होती, आणि नावावरून वर्गात चेष्टा व्हायची ती तिला सवयीची झाली होती. चोविसाव्या वर्षी तिला ‘पाखरू’मध्ये काम मिळालं. पहिल्याच दिवशी मालकांनी दोन बशा तिच्यापुढं ठेवल्या. एकीत गुलाबी-पिवळा रंग कालवलेला. “हा राजपुत्र, राजकन्या, ऋषी, शहाणी मुलं यांचा.” दुसरीत तपकिरीत काळा. “हा राक्षस, चोर, चेटकिणी यांचा. बाकी विचार करायचा नाही.” उज्वलानं ब्रश बुडवला. कागदावर टेकलेला तिचा स्वतःचा हात दुसऱ्या बशीतल्या रंगाचा होता. तिच्या ते लक्षात आलं, आणि आलंच नाही असं तिनं ठरवून टाकलं.

मग काजळीची गोष्ट आली. मालक म्हणाले, “चेटकीण अशी पाहिजे की पोरांनी आईचा पदर सोडता कामा नये.” उज्वलानं चार-पाच चेहरे काढून दाखवले. सगळे नकली वाटले. मग तिनं, हाताला जो चेहरा सगळ्यात सोपा होता, तो काढला. खालून वर बघणारे डोळे, पसरट नाक, हनुवटीवरचं गोंदण. मालक खुर्चीतून उठले. “ही! ही कुठं होती इतके दिवस?”

पुस्तक खपलं. महिनाभरात ते मखमलाबादच्याही शाळेत पोचलं, आणि पोरांना काही सांगावं लागलं नाही. काजळी तर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर, मळ्याच्या बांधावर बसून माळा करत होती. “काजळी आली, फुलं लपवा!” असं ओरडत पोरं पळायची. कुसाबाई आधी हसली. पोरांच्या मागं खोटं खोटं धावलीसुद्धा. तिला वाटलं, खेळ आहे.

एकदा तिनं उज्वलाला गाठलं. “उजू, तुला वाचता येतं. त्या पुस्तकात काय हाय गं? पोरं मला काय म्हनत्यात?”

“काही नाही मावशी,” उज्वला म्हणाली. “गोष्ट आहे.”

त्या पावसाळ्यात शेजारच्या भागुबाईच्या नातवाला गोवर निघाला आणि ताप डोक्यात गेला. पोर वाचलं, पण आठ दिवस आधी त्यानं कुसाबाईच्या हातून शेवंतीचं फूल घेतलं होतं, हे कुणीतरी बोललं. बोलणारी मोठी माणसं होती. ज्या बाया तिच्या शेजारी बसून माळा करत, त्या पलीकडच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या. तिच्या हातची फुलं देवाला नकोत, असं निरोप न धाडताही मळ्यात कळलं. उज्वलाचे वडील भला माणूस. तेही एवढंच म्हणाले, “कुसा, थोडे दिवस खुडायला येऊ नको.” आणि एका सकाळी झोपडी रिकामी झाली. मायलेकी निघून गेल्या.

उज्वलानं त्यानंतर काजळीची आणखी सहा पुस्तकं काढली.

हेच तिला पुढं कधी कुणाला सांगता आलं नाही. पहिलं पुस्तक अजाणता झालं, असं म्हणता येईल. उरलेल्या सहांना काय म्हणायचं? त्यांतलं शेवटचं संपता संपता तिच्या हाताला काहीतरी झालं. राजाची आई काढायला घेतली, काजळी झाली. ऋषीच्या आश्रमातली आजी काढली, तिचे डोळे खालून वर बघू लागले. मालक कुरकुरले, “तुझ्या सगळ्या म्हाताऱ्या एकीसारख्या दिसतात.” उज्वलानं काम सोडलं. एसटीत कंडक्टर असलेल्या भारतशी लग्न झालं, मुलगा झाला, तो शिकून पुण्याला गेला, क्लास सुरू झाला. वरून पाहिलं तर चांगलं चाललं होतं.

पण गेली चार-पाच वर्षं नवंच सुरू झालं होतं. साठी जवळ आली तसे ताईंचे स्वतःचे गाल आत गेले, डोळ्यांखाली सावल्या धरल्या. मेन रोडवर दुकानाच्या काचेत चालता चालता नजर जायची आणि काचेतून काजळी बघायची. ताई मान फिरवून भरभर चालू लागत. भारतराव म्हणत, “अगं, कोण लागलंय मागं?” त्या म्हणत, “ऊन लागतंय.”

स्नेहलच्या चित्रानंतर दहा-बारा दिवसांनी हर्षाली आली. तिशीतली, कॉलेजात शिकवणारी मुलगी. जुन्या मराठी चित्रकथांवर प्रबंध लिहीत होती. कोणाचे चेहरे नायकाला मिळतात, कोणाचे खलनायकाला, कोणाला मुळीच चेहरा मिळत नाही, असा तिचा विषय. ‘पाखरू’ची एकेचाळीस पुस्तकं तिनं धुंडाळली होती. “काळ्या रंगाचं एकही चांगलं माणूस नाही त्यांत,” ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता. उज्वलाताईंच्या हातांकडं बघून ती जरा अडखळली, एवढंच.

“मालकांनी बशा दिल्या होत्या,” ताई म्हणाल्या. आणि मग, “पण ब्रश माझा होता.”

हर्षालीनं काजळीचं एक पान पुढं केलं. “मला हिच्याबद्दल विचारायचंय. बाकीच्या चेटकिणी ठोकळेबाज आहेत. नख्या, सुळे, पिंजारलेले केस. ही तशी नाही. ही ओळखीची वाटते. आणि चेटकिणीला गोंदण कुणी काढत नाही हो. ताई, हे गोंदण कुणाचं आहे?”

तेहतीस वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. स्वयंपाकघरात भारतराव भांडी विसळत होते, त्या पाण्याचा आवाज येत होता.

“कुसाबाई सोमा भोये,” उज्वलाताई म्हणाल्या.

पाण्याचा आवाज थांबला. भारतराव दारात येऊन उभे राहिले. हे नाव त्यांनी या घरात कधी ऐकलं नव्हतं. ताईंनी सगळं सांगितलं, गोणीवरच्या कोळशापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत. हर्षालीनं मध्येच रेकॉर्डिंग बंद केलं.

“हे मी लिहू शकत नाही,” ती शेवटी म्हणाली. “म्हणजे तुमच्या एकटीच्या परवानगीनं नाही. त्यांचं कुणी आहे?”

होतं. आणि ते ताईंना दहा वर्षांपासून माहीत होतं. वडिलांचा जुना गडी कोंडाजी बोलता बोलता म्हणाला होता, की कुसाची लंका दिंडोरीला द्राक्षबागांत बायांची टोळी घेऊन काम करते. दिंडोरी नाशकापासून बसनं तासाभराची वाट. या दहा वर्षांत ताई तिथं दोन लग्नांना जाऊन आल्या होत्या.

त्या डिसेंबरात गेल्या. विरळणीचे दिवस होते. वेलीखाली उभ्या राहून बाया कात्रीनं घडातले जादा मणी काढत होत्या. बेचाळीस वर्षांची लंकाबाई सगळ्यांत पुढं होती, डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. ती बापावर गेली होती, चेहरा लांबट. तिनं ताईंकडं एकदा पाहिलं आणि कात्री चालूच ठेवली.

“उज्वलाताई ना तुमी.”

“ओळखलंस?”

“तुमी आमाला इसरलात म्हनून आमी बी इसरायचं का?” तिनं तो घड पुरा केला. “चला घरी. हितं नको.”

घर म्हणजे बागेच्या टोकाला दोन खोल्या. लंकाबाईनं पाणी दिलं आणि चहाचं विचारलं नाही. ताईंनी बोलायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, “मला ठावं हाय. आईला बी ठावं व्हतं.”

मखमलाबादहून त्या पेठकडं गेल्या, कुसाबाईच्या माहेरच्या पाड्यावर. सात-आठ महिने बरे गेले. मग आश्रमशाळेतला एक पोरगा सुट्टीत ते पुस्तक घेऊन आला. “मखमलाबादच्या पोरांनी नुसती चिडवली तिला,” लंकाबाई सांगत होती, “तिकडं चिडवत नाय कुनी. तिकडं भुताळी, म्हंजे चेटकीन, म्हनलं का पुढं काय व्हतं ते सांगू नये. आमच्याच मामानं आमाला अंधार पडायच्या आत रस्त्याला लावलं, जीव वाचावा म्हनून. चालत आलो. तवापास्नं हितंच.”

“मावशी...”

“गेली. वीस वर्सं झाली. दम्यानं गेली, कुनी मारली नाय. तेवढं देवानं केलं.”

मग लंकाबाईनं देव्हाऱ्याकडं बोट केलं. फळीवर टाक होते, आणि त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत नीट बंद केलेला, पुस्तकातून कापलेला एक चौकोन. उज्वलाताईंना तो लांबूनच कळला. पहिल्या पुस्तकाचं तिसरं पान. काजळी अजून गावात शिरलेली नाही, एकटीच शेवंती खुडत बसलीय, कुणाकडं बघत नाही.

“फोटू काढायचा कुनी आमचा? आईचं जगात येवढंच हाय,” लंकाबाई म्हणाली. “तिनंच कापून ठिवलं. म्हनायची, हात बघ, हात माझेच हायेत. उजूनं मला नीट बघितली व्हती.”

चित्राच्या खालच्या कडेला पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्याखाली काय आहे, ते ताईंना पाठ होतं. ‘दुष्ट काजळी सावज शोधत होती.’ ते अक्षर हातांवरून गेलं होतं. कापायचं, तर हात कापले गेले असते.

“नातीला वाचता येतं आता,” लंकाबाई म्हणाली. “इचारते, आजी, चिठ्ठीखाली काय हाय? काय सांगू?” ती पहिल्यांदा ताईंच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली. “आईनं माफ केलं आसंल तुमाला. मी नाय केलं. पर आला हाईत तर काढून द्या मला आई. खाली काय बी न लिहिलेली.”

ताईंच्या पिशवीत वही होतीच. त्या बसल्या. पहिली रेघ ओढली, दुसरी, तिसरी. लंकाबाई शेजारी उकिडवी बसली होती.

“डोळे आसे नव्हते.”

ताईंनी खोडलं. पुन्हा काढले.

“आशी बघायची नाय आई. ही ती बघती. पुस्तकातली.”

पाच पानं झाली. पाचही पानांवर काजळी. उज्वलाताईंनी डोळे मिटले आणि मळ्यातली कुसामावशी आठवायला गेल्या. विहीर दिसली, झोपडी दिसली, गोणी दिसली. मावशीच्या चेहऱ्याच्या जागी काजळी बसली होती आणि मावशीच्या आवाजात म्हणत होती, काढ गं उजू. सात पुस्तकांत साडेतीनशे वेळा काढलेल्या तोंडानं खरं तोंड खाऊन टाकलं होतं. ताईंनी सहावं पान उलटलं. लंकाबाईनं त्यांच्या हातातून पेन्सिल हळूच काढून घेतली.

“ऱ्हाऊ द्या. शेवटची गाडी जाईल तुमची.”

नाशकात येऊन ताईंनी दुसऱ्या दिवशी शेखरला फोन केला. खरी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, ती पुस्तकं छापू नकोस. शेखर मुलगा वाईट नव्हता. तो खरंच हळहळला. “हक्क आमच्याकडंच आहेत ताई, छपाईला गेल्यात जमा आहे सगळं. पण तुमचा मुद्दा पटला. मी बघतो.”

मार्चमध्ये कुरिअरनं पाकीट आलं. आत नवंकोरं पुस्तक. शेखरनं बघितलं होतं. काजळी आता गोरीपान होती. नाक सरळ, डोळे हिरवे, अंगावर जांभळा झगा. हनुवटी स्वच्छ. कॉम्प्युटरवर तिन्ही ठिपके पुसले होते. सोबत चिठ्ठी होती: ‘आता कुणी बोट ठेवू शकणार नाही.’ आणि मलपृष्ठावर तसंच छापलेलं, चित्रं : उज्वला तिडके.

ताई ते घेऊन दिंडोरीला गेल्या. लंकाबाईनं पानं उलटली.

“ही कोन?”

“काजळी.”

लंकाबाई हसली, चांगली खळखळून. मग हसू ओसरलं. तिनं तिसरं पान काढलं. शेवंती तीच होती, टोपली तीच होती, आणि फुलं खुडणारे हात गोरे, लांब नखांचे होते.

“म्हंजे आता आई कुठंच नाय,” ती म्हणाली.

बाहेर ट्रॅक्टरनं क्रेट नेण्याचा आवाज चालला होता. मग उज्वलाताईंनी न विचारता वही काढली. यावेळी त्यांनी चेहऱ्यापासून सुरुवात केली नाही. त्यांनी मळ्याची वाट काढली, दोन्हीकडं झेंडूचे वाफे. वाटेवर पाठमोरी चालणारी एक बाई, डोक्यावर गाठोडं, एक खांदा जरासा उतरलेला. पाठ पुस्तकांत कधी काढावी लागली नव्हती. चेटकीण कधी पाठ दाखवत नाही. पाठ होती तशी उरली होती.

लंकाबाई पुढं सरकली. तिनं बोट कागदाला न लावता खांद्यावर धरलं. “हां. हा खांदा उतरतोच. पानी वाहून.” मग गाठोड्याकडं पाहिलं. “कुठलं लुगडं हाय हे?”

“हिरवं. लाल काठाचं.”

“हां.” आणि एकदम तिचा आवाज बदलला. “म्हंजे तुमी बघत व्हता. आमी निघालो तवा.”

“माडीच्या खिडकीतून.”

“हाक का नाय मारली?”

उज्वलाताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मारली असती तर मावशी थांबली असती. आणि मग मला सांगावं लागलं असतं.”

लंकाबाई उठून गेली नाही. थोड्या वेळानं ताईंनी पेन्सिल पुन्हा उचलली आणि त्या बाईच्या पदराला धरून चालणारी नऊ वर्षांची मुलगी काढू लागल्या. मुलगी मागं वळून खिडकीकडं बघत होती. इथं हात एकदाही अडला नाही. लांबट तोंड, विस्कटलेली वेणी, ओठ घट्ट मिटलेले. हा चेहरा तेहतीस वर्षांत एक दिवसही पुसट झाला नव्हता.

लंकाबाई आपल्याच लहानपणाकडं पाहत राहिली. त्याचाही फोटो कुठं नव्हता.

“मी बघितलं व्हतं तुमाला,” ती म्हणाली. “वाटलं व्हतं, उजूताई धावत येईल.”

तिनं सांगितलं तसं ताईंनी चित्राखाली पूर्ण नाव लिहिलं, कुसाबाई सोमा भोये, आणि तिच्या शेजारी, लंका. हर्षालीनं आईचं नाव प्रबंधात लिहावं का, हे ताईंनी विचारल्यावर लंकाबाई म्हणाली, “लिवू द्या. गावांची नावं बी लिवू द्या, दोन्ही.” चित्र तिनं फळीवर टाकांच्या मागं उभं केलं. जुना कागद काढला नाही. चिठ्ठीही तशीच राहिली.

मग ती चुलीशी गेली. ताई निघायला उठल्या, तशी आतूनच म्हणाली, “बसा. चहा टाकलाय.”